ज्या वाक्याला कुणी ‘व्हय’ म्हणालं नाही

आमच्या घरात पुस्तकं नंतर आली. आधी पत्रकं होती. भाताच्या कणगीमागे, कोनाड्यात, आईच्या ट्रंकेत लुगड्यांच्या खाली, जिथे दमट हवा पोचणार नाही तिथे पत्रकांचे गठ्ठे असायचे. सायक्लोस्टाईलच्या शाईचा वास मला आजही मोगऱ्यापेक्षा जवळचा वाटतो. बाकीची पोरं ‘कमळ’, ‘बदक’ गिरवत होती तेव्हा मला ‘निषेध’ वाचता येत होता. त्याचा अर्थ कळत नव्हता. पण बाबा तो शब्द वाचताना थोडे ताठ बसायचे, तेवढ्यावरून तो मोठा शब्द आहे हे मला समजलं होतं.

बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. बदली कुठेही झाली तरी रविवारी सकाळी ते वाडीत हजर असायचे. राजापूरहून येणारी एस.टी. आम्हाला सड्यावर सोडते, तिथून उतार उतरलं की काजूंच्या पलीकडे आमची बौद्धवाडी. वाडीच्या मधोमध विहार. विहार म्हणजे चिऱ्याच्या चार भिंती, वर कौलं, खाली सारवलेली जमीन. कर्ते पुरुष बहुतेक मुंबईला, त्यामुळे रविवारच्या वाचनाला म्हातारी माणसं, बाया आणि पोरं. बाबा एका लाकडी टेबलामागे बसायचे आणि आलेलं पत्रक, कधी स्वतः लिहिलेलं, वाचून दाखवायचे.

ह्या वाचनाची एक रीत होती. बाबा एक वाक्य वाचायचे आणि थांबायचे. समोरून ‘व्हय’ यायचा. तो आला की पुढचं वाक्य. नाही आला तर तेच वाक्य पुन्हा, सावकाश, जमल्यास आमच्या बोलीत. ‘व्हय’ म्हणजे पटलं, असं नव्हतं. कळलं, एवढंच. ज्याला पटलं नाही त्याने शेवटी उभं राहून बोलावं, त्याला वेगळा वेळ असायचा आणि तो वेळ पुष्कळदा वाचनापेक्षा जास्त चालायचा. पण न कळल्याची खूण एकच होती, गप्प राहणं. ‘मला कळलं नाही’ हे चारचौघांत म्हणायची लाज कुणाला वाटू नये म्हणून बाबांनी हे ठरवलं होतं. माझ्या मते त्यांनी लिहिलेल्या सगळ्या पत्रकांपेक्षा ही एक गोष्ट मोठी होती. हे मला फार उशिरा समजलं.

गप्प राहण्यात आमच्या शेजारची काकी सगळ्यांत कडक. तिला अक्षर येत नव्हतं, दात दोन-तीनच उरले होते आणि ती टेबलासमोर पहिल्या रांगेत बसायची. तिचा ओठ हलला नाही की बाबा त्याच वाक्यावर परत यायचे. एकदा एकाच वाक्यावर तीनदा परत आले तेव्हा ती म्हणाली, “गुरुजी, तुमचा ह्यो कागद मराठीत हाय की विंग्रजीत?”

“मराठीत आहे काकी.”

“मंग लिवणारा कोण, मुंबयचा हाय?”

लिहिणारे बाबाच होते. विहार हसला आणि बाबांनी ते वाक्य तिथल्या तिथे पेन्सिलीने बदललं.

काही वर्षांनी मी रत्नागिरीला कॉलेजात होते, वसतिगृहात राहत होते, आणि सगळ्या जगावर रागावलेली होते. रागाला कारणं खरी होती. गावच्या विहिरीवर आमच्या बायांना अजूनही बाजूला थांबावं लागत होतं आणि ह्या गोष्टीला ‘जुनी सवय’ म्हणणारे शिकलेले लोक मला रोज भेटत होते. अशात बाबांना रेडिओ केंद्राचं बोलावणं आलं. ग्रामीण श्रोत्यांच्या रविवार सकाळच्या कार्यक्रमात दहा मिनिटांचं भाषण. विषय, खेड्यातलं वाचन.

बाबा रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर उतरले ते धुतलेला सदरा घालून, आणि मी तिथेच भांडण काढलं.

“दहा मिनिटं मिळाली आणि तुम्ही वाचन कसं करावं ते सांगणार? सगळ्या जिल्ह्यात ऐकतात लोक. विहिरीबद्दल बोला.”

“विहिरीवर पत्रक काढलंय की.”

“ते किती जणांनी वाचलं?”

“तेच सांगायला चाललोय,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज शिमग्यापासून बसलेला होता. आई ज्येष्ठमध देत होती, हळदीचं दूध देत होती. बाबा म्हणायचे, खडूची भुकटी आहे, सुट्टीत जाईल. मे महिन्याची सुट्टी येऊन गेली तरी ती गेली नव्हती. मी भांडत राहिले आणि ते घसा खाकरत माझ्यापुढे चालत राहिले.

केंद्रात आम्हाला जाड दाराच्या एका खोलीत नेलं. भिंतींना भोकंभोकं असलेल्या फळ्या होत्या आणि आत शिरलं की स्वतःचा श्वास ऐकू यायचा. तिथल्या अधिकाऱ्यांनी बाबांसमोर पाण्याचा पेला ठेवला, कागद वाजवू नका म्हणून सांगितलं आणि काचेपलीकडे गेले. मीही त्यांच्याबरोबर काचेपलीकडे. लाल दिवा लागला. बाबांनी पहिलं वाक्य वाचलं आणि थांबले.

थांबूनच राहिले. अधिकाऱ्यांनी हाताने पुढे चला अशी खूण केली. बाबांनी दुसरं वाक्य वाचलं, पुन्हा थांबले. मग ध्वनिमुद्रण बंद करून अधिकारी आत गेले. मीही गेले.

“काय होतंय गुरुजी?”

“सवय आहे हो. समोरून उत्तर आल्याशिवाय पुढे जाता येत नाही.”

“इथे उत्तर येत नाही.”

“मग त्यांना कळलं की नाही, हे तुम्हाला कसं समजतं?”

अधिकारी भले गृहस्थ होते. म्हणाले, “समजत नाही. कधीकधी पत्रं येतात.”

शेवटी असं ठरलं की मी काचेपलीकडे उभं राहायचं आणि प्रत्येक वाक्याला मान हलवायची. बाबांनी थांबायचं, पण माझी मान हलेपर्यंतच. तसं झालं. बसलेल्या, खरखरीत आवाजात बाबा वाचत गेले, मी मान हलवत गेले. शेवटाकडे एक वाक्य आलं, त्यालाही मी मान हलवली. भाषण संपवायला चांगलं वाक्य आहे, इतकंच माझ्या मनात आलं. विहिरीचा राग अजून गेलेला नव्हता.

निघताना मी सहज विचारलं, ह्याची एक प्रत मिळेल का. अधिकारी म्हणाले, रोजच्या कार्यक्रमांच्या फिती प्रसारण झालं की पुन्हा वापरतात, त्यांच्यावर दुसरं काही घेतात. मी बरं म्हटलं. आम्ही बाहेर येऊन चहा घेतला. बाबांना तो गिळताना त्रास झाला.

त्यानंतर सगळं फार लवकर झालं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं, मुंबईच्या डॉक्टरांनी ठेवून घेतलं. गणपतीला गावची चाकरमानी मंडळी मुंबईहून खाली येत होती तेव्हा आम्ही उलट वर जात होतो. बाबांचं स्वरयंत्र काढलं. परत आले तेव्हा गळ्याला खाली एक भोक होतं, त्यावर आईने शिवलेलं पांढरं फडकं बांधलेलं. श्वास तिथून चालायचा. बोलणं संपलं होतं.

बाबांनी पाटी घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाट्या तपासलेला माणूस आता पाटीवर लिहून पाणी मागायचा. भेटायला वाडीतली माणसं यायची, बाबा उत्साहाने पाटीवर काहीतरी लिहायचे आणि पाटी फिरवून समोर धरायचे. समोरचा पाटीकडे बघायचा, मग माझ्याकडे. मला हाका पडायच्या, “बाय, काय लिवलाय गो गुरुजींनी?” मी चुलीपासून उठून यायचे, वाचायचे, जायचे. मी कॉलेजला परत गेले की आई वाचायची, तीही अडखळत. आई शेतावर गेली की बाबा पाटी पुसून ठेवून द्यायचे. मी रागीट मुलगी, कुठल्याही अन्यायाला तोंडावर उत्तर देणारी, पण ह्याचं काय करायचं हे मला सुचत नव्हतं. ह्याच्याविरुद्ध पत्रक काढता येत नाही.

आणि अशात केंद्राचं कार्ड आलं. भाषणाचं प्रसारण येत्या रविवारी सकाळी.

ते कार्ड मी आईला वाचून दाखवलं. आई खाली बसली. म्हणाली, “म्हणजे एकदा ऐकू येनार.”

“एकदाच,” मी म्हटलं. मला त्या फितीचं आठवलं होतं. प्रसारण झालं की तिच्यावर दुसऱ्या कुणाचा तरी आवाज येणार. बाबांचा आवाज आमच्याकडे कुठेच नव्हता. फोटो होते, एका मोर्चातला आणि एक शाळेचा. आवाज नव्हता. जो काही उरला होता तो त्या दहा मिनिटांत होता.

खाडीकडच्या मोहल्ल्यातला बाबांचा एक जुना विद्यार्थी आखातातून सुट्टीवर आला होता. बाबांना भेटून गेला तेव्हा ओट्यावर बसून रडला होता. त्याच्याकडे टेपरेकॉर्डर होता, चपटा, एका टोकाला हँडल असलेला. मी निरोप धाडला, तो शनिवारीच कोरी कॅसेट घेऊन आला.

“रेडिओच्या तोंडाला लावून ठेवू,” तो म्हणाला. “पण बाय, ह्याला सगळंच ऐकू येतं. आपल्या मतलबाचं तेवढंच घे, असं ह्याला सांगता येत नाय. माणसं गप्प पायजेत. आणि एक कॉपी माझी. तिकडं घेऊन जानार मी गुरुजींना.”

रविवारी भातकापणी चालू होती, तरी कुणी शेतावर गेलं नाही. वाडी विहारात आली. बाबांच्या टेबलावर बाबांच्या जागी रेडिओ ठेवला, त्याच्यासमोर टेपरेकॉर्डर. बाबा पहिल्यांदाच टेबलाच्या ह्या बाजूला, जमिनीवर, भिंतीला पाठ लावून बसले होते. मांडीवर पाटी.

मी उभी राहून सगळ्यांना बजावलं. “आज आवाज टेप करायचा आहे. कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही. ‘व्हय’ पण म्हणायचं नाही. कळलं?”

“व्हय,” सगळे एकदम म्हणाले.

हसू आलं नाही असा एकही माणूस तिथे नव्हता. बाबांचे खांदे हलले, आवाज मात्र आला नाही.

रेडिओवर बाजारभाव झाले, मग एक भक्तिगीत झालं. निवेदिकेने बाबांचं नाव घेतलं. विद्यार्थ्याने दोन्ही बटणं एकदम दाबली. आणि बाबांचा आवाज आला. बसलेला, खरखरीत, पण त्यांचा. आईने पदर तोंडात धरला.

पहिलं वाक्य झालं. आवाज थांबला. विहार गप्प राहिला, मी सांगितल्याप्रमाणे. दुसरं वाक्य झालं, आवाज थांबला, विहार गप्प. मी टेपरेकॉर्डरच्या फिरत्या चाकाकडे बघत होते, त्यामुळे माणसांचे चेहरे मला दिसले नाहीत. नाहीतर मला आधीच समजलं असतं. गुरुजी समोर बसले आहेत, गुरुजींचं वाक्य संपलं आहे, आणि आपण गप्प. ह्याचा वाडीत एकच अर्थ होता. गुरुजींनी इतक्या लांब जाऊन केलेलं भाषण आपल्याला कळलं नाही, असं आपण त्यांच्या तोंडावर सांगत आहोत.

तिसऱ्या वाक्याला काकीला राहवलं नाही. अगदी हळू म्हणाली, “व्हय.”

मी डोळे वटारले. चौथ्याला आणखी दोघी. पाचव्याला अख्खा विहार. विद्यार्थी ओठावर बोट ठेवून सगळ्यांकडे वळला, पण पुढच्या वाक्याला त्याच्याच तोंडून ‘व्हय’ गेला. तोही लहानपणी ह्या वाचनाला मागच्या रांगेत बसलेला होता. माझी मान हलायला जेवढा वेळ लागला होता तेवढाच बाबा केंद्रात थांबले होते. इतक्या माणसांचा ‘व्हय’ तेवढ्यात संपत नव्हता. तो पुढच्या वाक्यावर जाऊन पडत होता. मला दिसत होतं, कॅसेटवर काय जमा होतंय ते. मी ओरडणार होते. तेवढ्यात बाबांनी हात वर केला आणि माझ्याकडे बघून तो खाली दाबला. बस, राहू दे.

ते पुढे झुकून बसले होते. रेडिओकडे बघतच नव्हते. माणसांकडे बघत होते, आणि प्रत्येक ‘व्हय’ला मान हलवत होते.

बाबा रेडिओवर सांगत होते की पत्रक हातात आलं म्हणजे ते वाचलं असं नाही. व्हय. की एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं ही आमची नाइलाजाची व्यवस्था आहे, कायमची नव्हे. व्हय. की ऐकणाऱ्याला कळलं नाही तर चूक वाचणाऱ्याची. ह्याला ‘व्हय’ जोरात आला, कुणीतरी “आयकलास काय काकी” म्हणालं आणि काकी म्हणाली, “मी कवापासून सांगतंय.”

मग ते वाक्य आलं.

“आणि उद्या मी नसेन, तेव्हा माझ्या जागी बसून तुमच्यापैकी कुणीतरी वाचावं, ते झालं नाही, तर इतकी वर्षं मी एकटाच वाचत होतो, असा त्याचा अर्थ होईल.”

आवाज थांबला. विहारही थांबला.

कुणी ‘व्हय’ म्हणालं नाही. कोंबड्या ओरडत होत्या तेवढ्याच. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की रत्नागिरीला, त्या जाड दाराच्या खोलीत, बाबांना माहीत होतं. खडूची भुकटी नाही हे त्यांना माहीत होतं, आणि काचेपलीकडे मी मान हलवली होती.

रेडिओ पुढे बोलत होता. पण बाबा भिंतीला हात लावून उठले. वाक्य कळलेलं नाही, पुन्हा सांगायला हवं. इतक्या वर्षांची रीत. ते चालत टेबलाकडे आले, रेडिओच्या बाजूला उभे राहिले, माणसांकडे तोंड केलं आणि तोंड उघडलं.

गळ्याचं फडकं फडफडलं. हवा बाहेर आली. ओठ शब्दांचे आकार करत होते, सावकाश, पोरांना शिकवताना करायचे तसे. त्यांच्याकडून हवेचा सुस्कारा तेवढा ऐकू येत होता. माणसांनी माना खाली घातल्या.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. पाटी भिंतीशी राहिली होती.

मी उभी राहिले आणि ते वाक्य म्हटलं. दोनदा ऐकून मला पाठ झालं होतं. पत्रक वाचतात तसं म्हटलं, शब्दाला शब्द. कुणी काही बोललं नाही. मग रीतीप्रमाणे पुन्हा, आमच्या बोलीत. “गुरुजी सांगतायत, मी नसलो की तुमच्यातल्या कुणीतरी वाचा. नायतर मी इतकी वर्सं एकटाच वाचीत होतो.”

काकी जमिनीकडे बघत म्हणाली, “कळलंय गो बाय. कळलंय म्हणूनच गप हाव.”

विहारात असं पहिल्यांदाच झालं होतं. कळूनही गप्प. ह्यासाठी आमच्याकडे रीत नव्हती. बाबा काकीकडे बघत राहिले. तिने मान वर केली.

“व्हय म्हनायला पायजे काय, गुरुजी?”

बाबांनी मान हलवली.

“मंग व्हय,” ती म्हणाली. आणि तिच्या मागून एकेक करून, एकदम नाही, सगळ्यांनी म्हटलं.

तोवर रेडिओवर दुसरं गाणं लागलं होतं. भाषणाचा शेवट कुणीच ऐकला नाही. मला वाटतं आभार होते.

बाबा पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहिले नाहीत.

कॅसेट माझ्याकडे आहे, एक आखातात आहे. लावली की बहुतेक वाक्यांचा पहिला अर्धा भाग ‘व्हय’खाली गेलेला असतो, शेपटं तेवढी ऐकू येतात. सुरुवातीची दोन-तीन सोडली तर एकच वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वच्छ आहे असं लोकांना मी सांगत असते, पण तेही पूर्ण खरं नाही, त्याच्या सुरुवातीला आधीच्या ‘व्हय’चा थोडा भाग आहेच. ‘मी नसेन’पासून मात्र सगळं स्वच्छ. मग कोंबड्या. मग, पुढे बोलणाऱ्या रेडिओच्या आडून, तो सुस्कारा. डॉक्टर म्हणाले होते, आवाज राहणार नाही. यंत्राला तो ऐकू आला. मी तिथे थांबवते, कारण पुढे माझा आवाज आहे.

आता रविवारी मी वाचते. शिक्षण संपवून परत आले, टेबलामागे बसते. विहिरीची दोन पत्रकं मी लिहिली, बाबांपेक्षा कडक. विहीर अजून तशीच आहे, तिच्याबद्दल वेगळं लिहीन. काकी गेल्या पावसाळ्यात गेली. तिच्या जागी पहिल्या रांगेत कुणी बसत नाही, आणि गप्पही कुणी राहत नाही. गुरुजींच्या मुलीला वाईट वाटायला नको म्हणून सगळे लगेच ‘व्हय’ म्हणतात. शिवाय गावात टीव्ही आला आहे आणि रविवारी सकाळीच त्याच्यावर बघण्यासारखं असतं, त्यामुळे घाई असते. कुणाला काय कळलं ते मला समजत नाही. केंद्रातल्या त्या अधिकाऱ्यांसारखं मलाही आता कुणाचं तरी पत्र यावं लागेल.

परवाच्या रविवारी वाचताना मला ठसका लागला म्हणून मी मध्येच थांबले. समोरून ‘व्हय’ आला. वाक्य अजून अर्धंच झालं होतं.